पाच कर्जं, मंगळवारचे काका आणि चाळीस पुड्या भडंग

परवा गल्लीतल्या एका पोरीनं दारात उभं राहून विचारलं, वहिनी ते ट्रस्टवाले पैसे देतात का हो? म्हणलं नाही देत. मग जायचं कशाला म्हणाली आणि गेली. तिला तिथल्या तिथं सांगता आलं नाही, कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायला लागतं, म्हणून म्हणलं बसून लिहूया एकदा. आमच्याकडं कर्जात अडकलेल्यांना मदत करणारा एक ट्रस्ट आहे, त्याचं नाव लिहीत नाही, ते सगळे पगार न घेता काम करतात आणि त्यांच्याकडं आधीच रांग असते.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे यंत्रमागावर कामाला, बारा तासाची पाळी, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. मी घराशेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाचं सूत कांडीवर गुंडाळायला, जायची. दोन पोरं, सासू म्हणजे आमची आत्ती, आणि पत्र्याच्या दोन खोल्या. गरीब होतो पण कर्ज नव्हतं, ऑगस्ट २०१९ पर्यंत. त्या वर्षी पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, आम्ही नऊ दिवस शाळेत राहिलो, परत आलो तर गादी, कपाट, मिक्सर, पोरांची दप्तरं सगळं चिखलात. सरकारनं पाच हजार रोख दिले आणि बाकीचं अनुदान खात्यावर, पण कारखाना पण पाण्यात होता म्हणून महिनाभर मजुरीच नाही. तेव्हा शेजारणी म्हणाल्या ग्रुपचं घे की, फक्त आधार कार्ड आणि फोटो लागतोय. घेतलं ३० हजार.

ज्यांना ग्रुपचं कर्ज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मायक्रोफायनान्स कंपनी देते, दहा-बारा बायका, सगळ्या एकमेकींना जामीन. ठरलेल्या दिवशी एकीच्या घरात मीटिंग, कंपनीचा साहेब येतो, सगळ्यांचे हप्ते गोळा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. साहेबाला ओरडायला लागतच नाही, आम्हीच आमच्यात ओरडतो. मी पण दुसरीच्या दारात बसलेली आहे, रात्री आठपर्यंत, तिचं पोर तापानं फणफणलेलं असताना. ती गोष्ट आठवली की अजून कसंतरी होतं.

मग मार्च २०२० ला लॉकडाऊन. हप्ते सहा महिने थांबले म्हणून आनंद झाला, पण व्याज चालूच होतं हे नंतर कळलं. पहिलं फेडायला दुसरं, दुसऱ्याचा हप्ता चुकायला लागला म्हणून तिसरं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी माझं आठ ग्रॅमचं गंठण एका खाजगी सावकाराकडं ठेवून २० हजार उचलले, शेकडा पाच. शेकडा पाच म्हणजे महिन्याला, वर्षाला नाही. महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी.

ट्रस्टचं मला माहीत होतं ते लॉकडाऊनमधल्या धान्याच्या किटमुळं. तेव्हा किट देताना फोटो काढायचे आणि मी तोंडाला पदर लावून मागं सरकले होते. तांदूळ घेतला, फोटो नाही दिला. म्हणून २०२३ च्या जानेवारीत कांडीवरच्या एका मावशीनं सांगितलं की तिथं मंगळवारी आणि शनिवारी पाच ते सात एक काका बसतात, बँकेत होते, कर्जाचं बघतात, तेव्हा मला वाटलं हे पण असंच, चार उपदेश आणि एक फोटो. शिवाय पाच ते सात म्हणजे माझ्या कामाचे दोन तास बुडणार. गेले ते हौसेनं नाही, त्या आठवड्यात दोन हप्ते एकदम आले होते आणि घरात १४० रुपये होते.

देवळामागच्या खोलीत एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला कॅलेंडर. काकांनी नाव विचारलं, चहा सांगितला आणि म्हणाले, वहिनी, कुणाकुणाचं किती आहे ते सांगा. मी म्हणलं तीन. त्यांनी लांबोडक्या वहीत रेघा मारल्या, तीन ओळी लिहिल्या आणि चौथ्या ओळीवर पेन ठेवून गप्प बसले. काही बोललेच नाहीत. मग मी गंठणाचं सांगितलं. ते लिहिलं आणि पेन पाचव्या ओळीवर. मी उठून आले, पोरांची शाळा सुटली म्हणून सांगून. साडेपाच वाजता कसली शाळा सुटतीय.

पाचवं काय होतं ते घरात पण कुणाला माहीत नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीला कर्ज मिळत नव्हतं कारण तिच्या नावावर आधीच होती, ती म्हणाली तू फक्त आधार दे आणि सही कर, पैसे मी घेते हप्ता मी भरते. आमच्याकडं अशा कित्येक बायकांनी केलेलं आहे, कुणी बोलत नाही. सात महिने तिनं भरले. दिवाळीला माहेरी जाते म्हणून गेली आणि खोलीला कुलूप. तेव्हापासून २,०५० चा हप्ता मी भरत होते, कधी कांडीच्या पैशातनं, कधी किराणा उधार ठेवून, आणि ह्यांना सांगत होते की पोरांच्या शाळेचं आहे.

पुढच्या मंगळवारी परत गेले आणि सांगून टाकलं. वाटलं काका काहीतरी मार्ग काढतील, फसवणूक वगैरे. ते म्हणाले, सही तुमची, आधार तुमचं, म्हणजे कर्ज तुमचंच, हे आधी मनात पक्कं करा, मग पुढचं बोलू. इतका राग आला मला त्यांचा. पण घरी जाताना जरा हलकं पण वाटलं, का ते माहीत नाही.

त्यांनी पाचही ओळी पूर्ण केल्या. एकाचे शिल्लक ३१ हजार, दुसऱ्याचे २२,४००, तिसऱ्याचे १८,६००, मैत्रिणीचं २७ हजार, सावकाराचे २०. बेरीज १ लाख १९ हजार. आणि दर महिन्याला जाणारे ९,०२० रुपये. ह्यांचे साडेतेरा हजार आणि माझे २,८०० धरून घरात येत होते १६,३००. चार वर्षांत मी ही बेरीज एकदाही केली नव्हती. येत नव्हती असं नाही, सातवीपर्यंत गणितात मी बरी होते. करायची नव्हती.

काका म्हणाले निम्म्याच्या वर हप्ते चाललेत तुमचे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियमच आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाईल असं कर्ज ह्या कंपन्यांनी द्यायचंच नाही. आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, घरी यायचं नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड लावायचा नाही. आमच्या सेंटरवर, म्हणजे मीटिंगच्या घरी, ह्यातलं एक वाक्य कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. उलट एक साहेब सकाळी साडेसातला हमखास यायचा, कारण त्या वेळेला घरात सगळे सापडतात.

मग त्यांनी दोन कामं दिली. पहिलं, सगळ्या कंपन्यांची कार्डं, पासबुकं, लाईट बिल, रेशनकार्ड एका पिशवीत घालून आणायचं. दुसरं, एक महिना रोजचा खर्च लिहायचा, आठ आण्याचा पण. त्यासाठी पोराची जुनी शंभर पानी वही घेतली. इथंच गोची झाली, कारण लिहायचं म्हणजे ह्यांचा पण खर्च लिहायला लागणार.

ह्यांना तंबाखू-सुपारीचा मावा लागतो. आमच्याकडं मागावरच्या माणसाला मावा म्हणजे श्वास, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सुरू होतो आणि मग सुटत नाही. दिवसाला चार पुड्या, चाळीस रुपये. मी रोज संध्याकाळी गुपचूप ‘मावा ४०’ असं लिहीत होते. अकराव्या दिवशी ह्यांनी वही उघडली. एका खाली एक अकरा वेळा मावा ४०. बराच वेळ बघत बसले. मला वाटलं आता वही भिंतीवर जाणार. तर म्हणाले, आणि हे शाळेचं दोन हजार पन्नास कुठाय, ते का लिहिलं नाहीस? आता काय सांगणार. त्या रात्री सगळं सांगितलं, मैत्रिणीचं पण. ते काहीच बोलले नाहीत, रात्रपाळीला निघून गेले. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, मावा २०. आज पण वीसच आहे, शून्य झालेलं नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

मंगळवारी हे पण आले, पाळी बदलून. काकांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की पैसा सगळ्यात जास्त कुठं गळतोय ते भोक आधी बुजवायचं. मला वाटत होतं सगळ्यात मोठं कर्ज आधी, तर ते म्हणाले नाही, सावकार आधी. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. चौदा महिने भरून झाले होते, म्हणजे १४ हजार गेले आणि मुद्दल वीसच्या वीस. परवाना असलेल्या सावकारानं सुद्धा सोनं तारण ठेवून बिगरशेतकऱ्याकडनं वर्षाला पंधरा टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही असं २०१४ च्या सावकारी कायद्याखालच्या दरात आहे, आणि ह्या माणसाकडं परवाना आहे का हेच कुणी विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते मला आजही भारी वाटतं. एका गुरुवारी सकाळी काका, ट्रस्टच्या एक मॅडम, मी आणि हे असे चौघं सावकाराकडं गेलो. मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, भाऊ तुमचा परवाना नंबर काय आणि आतापर्यंतच्या पावत्या मिळतील का, सावकारांचं बघणाऱ्या सहायक निबंधकांच्या ऑफिसात एक अर्ज करायचा विचार आहे म्हणून. एवढंच. तो हसला, सरबत मागवलं, आणि म्हणाला मुद्दल द्या आणि घेऊन जावा, ह्या महिन्याचं व्याज माफ. ट्रस्टनं २० हजार त्याच्या हातात ठेवले, चिठ्ठी फाडून घेतली, गंठण घेऊन आम्ही सरळ बँकेत. दुपारी तेच गंठण बँकेत तारण ठेवून २० हजार सोनेतारण कर्ज काढलं आणि पाचच्या आत ट्रस्टचे पैसे परत. म्हणजे ट्रस्टनं मला दिले ते २० हजार फक्त सहा तासासाठी. पण महिन्याला हजार जात होते तिथं आता पावणेदोनशेच्या आत व्याज. माझ्याकडं तेव्हा सहा तासाचे वीस हजार नव्हते, एवढाच फरक होता.

कंपन्यांना काकांनी पत्रं लिहून दिली, मराठीतच, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं. त्यात उत्पन्न, हप्ते, मोबाईलवर उतरवलेला साहेबाच्या येण्याच्या वेळांचा हिशेब, सगळं. दोन कंपन्यांनी दाद दिली नाही. एकीनं साडेसातचं येणं बंद केलं, तेवढं पण खूप झालं. मैत्रिणीच्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता २,०५० चा १,४०० करून दिला, त्याला मात्र अडीच महिने आणि चार पत्रं लागली. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांचा कागद, पण काढला, तो वर्षातनं एकदा रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडनं फुकट मिळतो, सायबर कॅफेवाला त्याचे ३०० घेत होता.

आता ट्रस्टचं सगळंच गोड होतं असं नाही. त्यांच्याकडं एक कार्यक्रम असायचा, महिला सक्षमीकरण म्हणून, त्यात पापड-लोणच्याचं शिक्षण. बाईला मदत करायची म्हणलं की लोकांच्या डोक्यात तीनच गोष्टी येतात, शिलाई मशीन, पापड, लोणचं. आमच्या गल्लीत आधीच चार जणी पापड करतात आणि एकमेकींनाच विकतात. एक शिकाऊ मुलगी येऊन बचतीचं महत्त्व सांगून गेली, तासभर, ताई रोज फक्त दहा रुपये बाजूला काढा वगैरे. तिला म्हणावंसं वाटलं, बाळ तू एक महिना माझी वही चालव. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं पापड नको. मग काय जमतं विचारल्यावर म्हणलं भडंग जमतं, आमच्या आत्तीच्या हातचं भडंग खाऊन माणसं जयसिंगपूरचं विसरतात. रात्रपाळीत कामगारांना दोन-तीन वाजता भूक लागते आणि टपरीवर वड्याशिवाय काही नसतं, हे मला ह्यांच्यामुळं माहीत होतं.

सुरू केलं, एका घाण्याला चाळीस पुड्या, पुडी १० रुपये, टपरीवर ठेवायला. महिन्याभरानं काकांना ऐटीत सांगितलं की पुडीला चार रुपये खर्च येतोय, सहा सुटतात. ते म्हणाले लिहूया. चुरमुरे ६०, शेंगदाणे ६५, तेल ४०. हे झाले १६५, बरोबर, पुडीला चार. मग विचारायला लागले. लसूण, कढीपत्ता, तिखट, पिठीसाखर? ३५. पिशव्या? १२. गॅस? तो घरचाच आहे की काका. घरचा म्हणजे फुकट येतो का? धरा १८. टपरीवाला किती ठेवतो? पुडीला दोन. आणि पोरं? पोरांचं कसं धरायचं काका, खातात चार पुड्या. शेवटी काकांनी आकडा फिरवून वही माझ्याकडं केली, चाळीस पुड्यांना ५८ रुपये, पुडीला दीड रुपया पण नाही. आणि त्यात माझी अडीच तासाची मजुरी शून्य. मी म्हणलं हे मला जमायचं नाही काका, आमच्यासारख्यांना हिशेब कुठला येतोय.

तर त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगितली, ती त्यांची आवडती, नंतर मी चार वेळा तरी ऐकली. माणदेशातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची म्हणून अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेनं नाकारला, अर्जावर अंगठे होते म्हणून. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत अधिकाऱ्यांपुढं गेल्या आणि म्हणाल्या आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना पण कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ ला माणदेशी बँक सुरू झाली, चेतना सिन्हा त्यांच्या पुढं होत्या. काका म्हणाले तुम्ही तर सातवी पास आहात, लसणाचे पैसे धरायला विसरू नका एवढंच सांगतोय.

टपरी बंद केली. ह्यांच्याच कारखान्यात आणि शेजारच्या दोन कारखान्यांत रात्रपाळीला थेट पुड्या द्यायला लागलो, हे जाताना पिशवी घेऊन जातात. शेंगदाणे पाच किलो एकदम. पोरांचा डबा वेगळा भरायचा आणि तो घरखर्चात लिहायचा. उधारी फक्त पगाराच्या दिवसापर्यंत. अन्नपरवान्याची साधी नोंदणी केली, वर्षाला १०० रुपये, ती पण मॅडमनीच ऑनलाईन भरून दिली. आता महिन्याला पंधरा-सोळा घाणे होतात आणि अडीच हजाराच्या आसपास सुटतात, सगळं धरून, गॅस पण धरून.

ट्रस्टच्या ओळखीनं बारा जणींचा बचत गट पण झाला. महिन्याला २००, गटातलं कर्ज शेकडा दोन. मी सुरुवातीला भांडले, म्हणलं ते पण वर्षाला चोवीस टक्केच की, मग सावकारात आणि गटात फरक काय. फरक असा की ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि वर्षाखेरीला वाटून मिळतं. तरी महागच आहे, मला अजून पटलेलं नाही, मी दर मीटिंगला दीड करा म्हणते आणि हरते.

सगळं रांगेला लागतंय असं वाटत होतं तोवर २०२३ च्या नोव्हेंबरात आत्ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड. हॉस्पिटलमधे १ लाख ४० हजाराचा आकडा सांगितला. जुनी मी असते तर त्याच दिवशी सहावं कर्ज. ह्या वेळी मॅडमना फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का? होतं. धर्मादाय हॉस्पिटलला दहा टक्के खाटा एकदम गरिबांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात, ट्रस्ट कायद्यात कलम ४१ कक म्हणून आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला कोटा फुल्ल आहे. मॅडम म्हणाल्या हरकत नाही, तसं लेखी द्या, आज किती खाटा भरल्यात ते पण लिहा. लेखी काही मिळालं नाही, पण दुसऱ्या दिवशी खाट मिळाली.

पण उत्पन्नाचा दाखला लागला. फुकटसाठी वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजाराच्या आत पाहिजे आणि आमचं तेव्हा कागदावर १ लाख ९५ हजार ६०० होतं. १५,६०० रुपयांनी हुकलो. दाखल्याचा फॉर्म भरणारा माणूस म्हणाला कमी लिहूया की, सगळेच लिहितात. मला लिहायचं होतं, खरं सांगते. मॅडम म्हणाल्या मग पुढचं मी बघणार नाही. खूप चिडले मी त्यांच्यावर, घरात म्हातारी विव्हळतीय आणि ह्यांना खरेपणाचं पडलंय. शेवटी खरं लिहिलं, निम्म्या दरात झालं, ७० हजार. त्यातले ३० गटातनं, २५ दिरानं दिले, १५ भडंगचे आणि साठवलेले. ती चीड अजून पूर्ण गेलेली नाही, पण त्याच मॅडम आत्तीला बघायला दोनदा बसनं आल्या हे पण लिहायला पाहिजे.

विम्याचं राहिलंच. काका प्रत्येक बाईकडनं दोन फॉर्म भरून घेतात, एक वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा आणि एक ४३६ रुपयांचा जीवन विम्याचा, दोन्ही दोन-दोन लाखाचे, बँकेतनं आपोआप कापले जातात. मे महिन्याच्या शेवटी खात्यात ४५६ ठेवा असा त्यांचा मेसेज दर आठवड्याला येतो, मे लागला की गल्लीतल्या बायका एकमेकींना चारशे छप्पन झाले का असंच विचारतात. २०२४ ला ह्यांच्या खात्यात ४१० होते. वीस कापले, ४३६ नाही. मला कळलं जूनच्या मध्यात. परत फॉर्म, परत बँक, आणि काकांनी जे ऐकवलं ते वेगळंच. त्याच्या दोन महिने आधी आमच्या गटातल्या एकीचा नवरा गेलेला, तिला ते दोन लाख मिळाले होते, मॅडम तिच्याबरोबर बँकेत सहा वेळा गेल्या होत्या. म्हणून ऐकवलेलं निमूट ऐकून घेतलं.

त्या वर्षी ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले. पहिल्यांदा दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले आणि आठच दिवसांत एका कंपनीचा नवा साहेब दारात, ताई आता तुमचं उत्पन्न वाढलंय, नवीन लोन बसतंय तुम्हाला. त्याला चहा पाजला आणि म्हणलं बसा, वही आणते. वही आणेपर्यंत गेला होता. ते पैसे येतील तसे पोस्टात आरडीला टाकते, सरकारकडनं हप्ता कधी लांबला तर त्या महिन्यात भडंगातनं भरते.

आज पाचातल्या तीन ओळी पूर्ण खोडलेल्या आहेत, काकांनी लाल पेननं खोडल्या, त्यांना त्यात भारी मजा येते. मैत्रिणीच्या कर्जाची शेवटची पावती मी तिच्या बंद खोलीच्या दारात उभं राहून फाडावी असं मनात होतं, पण काका म्हणाले पावती फाडायची नसते, फाईलला लावायची असते. उरलेल्या एका कंपनीचे चार हप्ते राहिलेत. गटाचे १२ हजार राहिलेत.

गंठण अजून बँकेतच आहे. त्यावर ६ हजार राहिलेत फक्त, आणि सोनं इतकं चढलंय की परवा बँकेतला मुलगा म्हणाला मॅडम ह्याच दागिन्यावर अजून बरंच बसेल, वाढवून देऊ का. हे शेजारीच उभे होते. एका मित्राची जुनी मोटरसायकल विकायला आहे, ती ह्यांच्या मनात भरलीय, रात्रपाळीनंतर पायी येताना कुत्री मागं लागतात म्हणतात, आणि लागतात ते खरंच आहे. दोघं घरी येईपर्यंत काही बोललो नाही. मग ह्यांनीच वही काढली आणि एका पानावर मोटरसायकल असं लिहून खाली पेट्रोल, हवा, विमा, पंक्चर असं लिहायला लागले. आकडे अजून घातलेले नाहीत. येत्या मंगळवारी घेऊन जाणार आहेत.